प्रज्ञाचं शांत संगीत आणि माझी भांडणं

माझी धाकटी बहीण प्रज्ञा पियानो वाजवते आणि स्वतः धून बांधते. एकदम शांत, हळुवार. लोक ती झोपताना लावतात, दातांचे डॉक्टर दवाखान्यात लावतात, रडकी बाळं निजवायला आया लावतात. तिचे फोन, मेल, कार्यक्रम बघते मी. म्हणजे लोकांचं डोकं शांत करायचं काम तिचं, आणि माझं डोकं फिरवायचं काम लोकांचं!

मैत्रिणी विचारतात, "तुझ्याकडं एवढे किस्से जमतात कसे गं?" अगं, मी कुठं जमवते! मी फक्त भांडते. भांडण थंड झालं की त्याचा आपोआप किस्सा होतो. काही भांडणं अजून थंड झालेली नाहीत. तीही सांगते.

एक आधीच सांगून टाकते. प्रज्ञा ऑटिस्टिक आहे. मोठे आवाज तिच्या अंगावर येतात, डोळ्यांत बघून बोलणं तिला नको वाटतं, आणि मनात एक, तोंडावर दुसरं हे तिला जमत नाही. बस, एवढंच. 'बिचारी' म्हणणाऱ्याचा फोन मी तिथंच कट करते.

*

आम्ही अमरावतीचे. प्रज्ञा चौथीत असताना शाळेनं तिला काढलं. कारण काय, तर ती बसल्या बसल्या डोलते, आणि घंटा वाजली की कान झाकून बाकाखाली शिरते. हेडमास्तर आईला म्हणाले, "बाकीच्या पालकांना मी काय उत्तर देऊ?" आईनं दप्तर उचललं, पोरीचा हात धरला आणि घरी आली. बाबांनी कुठून तरी एक जुना कीबोर्ड आणला. पुढचं सगळं ती त्याच्यावर शिकली.

आता त्याच शाळेला स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणी म्हणून प्रज्ञा हवी झाली! नवे हेडमास्तर बुके घेऊन घरी हजर. पत्रिकेत ठळक अक्षरात, 'आमची लाडकी माजी विद्यार्थिनी'.

आईनं चहा दिला, पत्रिका नीट वाचली आणि म्हणाली, "छान छापली, सर. फक्त एवढं टाका, का हिले चौथीतून काढलं होतं. नाई तर लोकायले वाटन, तुमीच शिकवलं!"

सर अर्धा चहा ठेवून गेले.

*

एका संस्थेनं प्रज्ञाचा सत्कार ठेवला. हॉल भरलेला. अध्यक्ष बोलायला उभे राहिले ते खाली बसेनात. शेवटी प्रज्ञाकडं हात करून म्हणाले, "हिला काही कळत नाही, पण हिच्या बोटांना सगळं कळतं!"

टाळ्या! लोक टाळ्या वाजवत होते! मी चप्पल चाचपत उठलेच होते, तेवढ्यात प्रज्ञानं माइक ओढला.

"मले कळते. तुमी मघापासून 'दोन शब्द' म्हणून राहिले. दोन शब्द कवाचेच झाले."

याला जास्त टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर आयोजक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, यांना जरा समजावून सांगत जा."

म्हटलं, "कसं समजावू? तिला काही कळत नाही ना!"

*

बडनेरा रोडला शाहीदभाईंचा छोटा स्टुडिओ आहे. प्रज्ञाचं सगळं रेकॉर्डिंग तिथंच होतं. पंखा करकरला तरी ती थांबते, म्हणून भाई ऐन मे महिन्यात पंखा बंद करून घामानं निथळत बसतात.

एकदा तिथं एक जाणकार गृहस्थ आले होते. गाण्यातले मोठे अभ्यासक. त्यांनी डोळे मिटून प्रज्ञाची नवी धून पूर्ण ऐकली आणि नाक मुरडून म्हणाले, "छे! याच्यात काही घडतच नाही."

माझी कानशिलं तापली. पण प्रज्ञाचा चेहरा असा खुलला, की विचारू नका.

"हो ना?" ती म्हणाली. "लय मेहनत लागली!"

शाहीदभाई हेडफोन टेबलावर टाकून बाहेर पळाले. पार रस्त्यापर्यंत त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

*

वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याचा फोन आला. आवाज चढलेला.

"ताई, हे तुमचं म्युझिक मी पॅकिंगच्या शेडमंदी लावलं, का बावा, लोकायले कामात बरं वाटन. तं सारे पेट्यायवर डोकं टेकून झोपून राहिले न! ट्रक खोळंबला माया!"

फोन स्पीकरवर होता. मी काही बोलायच्या आत प्रज्ञा म्हणाली, "मंग ते बरोबर चालून राहिलं."

*

चांदूर बाजारहून एक स्थळ आलं होतं. प्रज्ञानं 'बघते' म्हटलं, म्हणून बोलावलं. मुलाच्या आईनं सोफ्यावर बसल्या बसल्या फर्मान सोडलं, "काही वाजवून दाखव." जसं काही दुकानात मिक्सर लावून बघतात!

प्रज्ञानं वाजवलं. मधेच मी बघते तर काय, मुलाची आई मान टाकून घोरत होती. मुलगा ओशाळून टीपॉयकडं बघत बसला.

दोन दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही.

मी फोनवरच सुरू होणार होते. प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "ताई, तिचे तं डोये बंद होते. मी कुठी पाहू?"

*

हे भांडण मात्र थंड झालेलं नाही.

ध्यान, झोप असलं काय काय शिकवणारं एक मोबाइल ॲप आहे. त्यांना प्रज्ञाच्या धुना हव्या होत्या, आणि सोबत तिची एक छोटी फिल्म. पुण्याहून पोरं आली. आमच्या बैठकीत मोठमोठे लाइट लावले. मी आधीच सांगितलं होतं, तिला झगझगीत उजेड सहन होत नाही. "हो हो मॅडम, काळजीच करू नका."

दिग्दर्शक म्हणाला, "जरा डोळ्यांत पाणी आणता येईल का? तुमचा स्ट्रगल दिसला पाहिजे."

"काहून?" प्रज्ञा म्हणाली. "मी आता स्ट्रगल नाई करून राहिली. पियानो वाजवून राहिली."

तो गोड हसला आणि शूटिंग चालू ठेवलं. ती सांगत राहिली, "लाइट बंद करा." मी सांगत राहिले. "एकच मिनिट मॅडम, लास्ट शॉट." उजेडानं तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेवटी मीच जाऊन लाइट आडवा केला.

महिन्याभरानं फिल्म आली. तेच पाणी, अगदी जवळून! मागं रडकं व्हायोलिन, आणि खाली अक्षरं, 'आठवणींनी ती हेलावली.'

मी फोन केला, तर तो दिग्दर्शक पोरगा म्हणतो, "पण मॅडम, लोक किती इमोशनल झाले बघा ना!"

मी जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. फिल्म उतरवेपर्यंत मी त्यांच्या ऑफिसातल्या एकालाही सुखानं जेवू दिलं नाही. फिल्म उतरल्यावर प्रज्ञाला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्या व्हायोलिनवाल्यानं माया सूर न ऐकताच वाजवलं काय?"

*

आणि हा किस्सा अकोल्याचा.

आईला चक्कर येत होती म्हणून तिला अकोल्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात दाखवायला नेलं. प्रज्ञा हट्टानं सोबत आली. आईजवळ थांबायचं होतं तिला. बाहेरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. भिंतीवर टीव्ही, त्यावर चार जण एकदम ओरडतायत. नंबर पुकारायचा भोंगा. कुणाचं पोर रडतंय, कुणी मोबाइलवर रील बघतंय. आणि या सगळ्याच्या वर, छतातल्या स्पीकरमधून, प्रज्ञाचीच धून!

आईला आत घेतलं. प्रज्ञानं आधी कान झाकले, मग भिंतीला टेकून खाली बसली आणि डोलायला लागली. मी तिच्याजवळ बसले. अशा वेळी तिला हात लावायचा नसतो, नुसतं जवळ बसायचं असतं.

काउंटरवरची बाई ताडताड चालत आली. "यांना बाहेर न्या. पेशंट लोक डिस्टर्ब होऊन राहिले."

म्हटलं, "आधी तो टीव्ही बंद करा."

"टीव्ही बंद नाही होत. आणि इथं आम्ही मुद्दाम शांत म्युझिक लावलं आहे. यांना म्हणा, ते ऐका."

"अहो बाई, ते म्युझिक हिनंच केलं आहे!"

तिनं एकदा प्रज्ञाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, काहीही बोलू नका."

मी उठले. त्या दिवशी मी त्या काउंटरची काच ठेवली नसती, खरं सांगते. पण माझ्याआधी प्रज्ञा उठली होती. कान तसेच झाकलेले. ती सरळ टीव्हीखाली गेली. तिथं एक्स्टेंशन बोर्ड होता. टीव्ही, भोंगा, स्पीकर, सगळं त्याच्यावरच. तिनं एक हात कानावरून काढला आणि बोर्डाची पिन भिंतीतून उपटली.

सगळं बंद. रडणारं पोरसुद्धा गप्प झालं.

कोपऱ्यात तेल्हाऱ्याकडचे एक आजोबा सलाइन लावलेला हात धरून बसले होते. त्यांनी लांब श्वास सोडला.

"हां माय," ते म्हणाले, "आता कसं शांत वाटलं."

प्रज्ञा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. "मलेही," म्हणाली.