दळवीकाकूंची कण्हेर

फोन मीनलचा होता, दळवीकाकूंच्या सुनेचा. "ताई, आई गेल्या हो... सकाळी चहा मागितला आणि चहा गाळेपर्यंत सगळं संपलं." मी "अरे देवा" म्हटलं. कधी नेणार, कोण कोण आलंय, रीतसर विचारलं. पण ते सगळं तोंड बोलत होतं. मनात सगळ्यात आधी जे आलं ते लिहिताना आजही हात थांबतो... मला सुटल्यासारखं वाटलं. ती गोष्ट माहीत असलेलं आता माझ्याखेरीज कुणी उरलं नाही, असं वाटलं. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला. जाण्याआधी काकूंनी मीनलला सांगितलं असलं तर?

या गोष्टीला सहा आठवडे होतील. काकूंवर लिहायचं तर त्यांच्या कण्हेरीपासूनच सुरुवात करायला हवी, आणि तिथंच मला भीती वाटते. आम्ही परळची खोली सोडून पेणकरपाड्याच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा आवारात मुरूम, सिमेंटची फुटकी पोती आणि भिंतीकडेला उभी असलेली ही एक कण्हेर, एवढंच होतं. बाकीच्यांची जास्वंद, मोगरा दर उन्हाळ्यात माना टाकायचे. टँकर आला तर आला, नाहीतर दोन दोन दिवस बादल्या कोरड्या. माणसांनाच पाणी नाही तर झाडांना कोण घालणार? कण्हेर मात्र भर मे महिन्यात गुलाबी फुलांनी लगडलेली असायची. तळमजल्यावरच्या दळवीकाकूंनी ती काशीमीऱ्याच्या नाक्यावर हायवेच्या दुभाजकातून फांदी मोडून आणून लावली होती. "ट्रकचा धूर खाऊन जगते ती, आपल्याकडे तिला काय धाड भरलीय?" हे त्यांचं म्हणणं. काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा नोकरीला लागलेला, आणि हाताला सतत काहीतरी उद्योग हवा.

काकू कण्हेरीचं सगळं शिस्तीत करायच्या. पहिल्या वर्षी आठवड्याला एक तांब्या पाणी, पुढे तेही नाही. फुलांचा बहर ओसरला की शेंडे छाटायचे, म्हणजे झाड खालून भरतं. कोवळ्या फुटीवर पिवळा मावा पडला की साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक शेंडा पुसत बसायच्या. छाटताना हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या, कारण चीक विषारी. छाटलेल्या फांद्या कधी जाळायच्या नाहीत, खड्ड्यात पुरायच्या. "जाळलीस तर धूरही बाधतो, बाय. देवाला चालते, गुरं तोंड लावत नाहीत. एवढं लक्षात ठेवलं की हिच्यासारखं गरीब झाड नाही." आणि पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या, खालची पानं काढून, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत पाण्यात ठेवायच्या. तीन आठवड्यांत पांढरी मुळं फुटली की बिल्डिंगभर वाटायच्या. काडी कुणाला द्यायची हे त्याच ठरवायच्या, आणि मिळाली की आपण परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं.

मला बाटलीसकट काडी मिळाली तेव्हा माझा निखिल दुसरीत होता. देताना काकू म्हणाल्या, "मुळं जरा लांब झाली की कुंडीत लाव. पाणी मात्र मोरीत ओत, आणि बाटली कापून टाक." शनिवारी मी ती कुंडीत लावत असताना त्या वर आल्या, दारातूनच पुन्हा म्हणाल्या, "पाणी ओतलंस ना गं?" मी म्हटलं, "ओतते." दोनदा. त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. पण त्या आठवड्यात टँकर आला नव्हता. भांड्यांना पाणी नव्हतं, आणि हे अर्धी बाटली स्वच्छ पाणी. दर दोन दिवसांनी बदललेलं. गॅलरी पुसायला होईल म्हणून मी बाटलीला झाकण लावलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली. आमच्याकडे ओट्यावरच्या बाटलीत पिण्याचंच पाणी असतं, हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी निखिल शाळेतून घामाघूम होऊन आला. मी कपडे वाळत घालत होते. आतून त्याचा आवाज आला, "आई, हे पाणी कडू का लागतंय?"

तो आवाज मला अजून ऐकू येतो. मिक्सर चालू असला, टीव्ही मोठ्याने लावलेला असला तरी येतो. मी धावत आत गेले तर बाटली त्याच्या हातात. किती प्यालास, किती प्यालास, एवढंच मी ओरडत होते. तो घाबरून रडायला लागला. जिना उतरतानाच काकू समोर आल्या, बाटली बघितली आणि काही न विचारता रिक्षा थांबवायला रस्त्यावर पळाल्या. रिक्षात त्याला उलटी झाली. रिक्षावाला म्हणत होता, "बहेनजी, बच्चे को सीधा पकडो, सीधा," आणि काकू निखिलची नाडी धरून बसल्या होत्या. त्यांना नाडीतलं काय कळत होतं कोण जाणे. पण बोटं सोडली नाहीत.

हॉस्पिटलमध्ये त्याच्या छातीला वायरी लावल्या. ठोके मंद आहेत, दोन घोटच गेलेत बहुतेक, पण उद्या दुपारपर्यंत काही सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. स्क्रीनवरची हिरवी रेघ वर जायची, मग बराच वेळ सपाट... मग पुन्हा वर. त्या मधल्या वेळात मी किती वेळा मेले असेन. प्रकाश, माझा नवरा, ऑफिसातून थेट आला. बाकावर मी आणि काकू शेजारी शेजारी. त्याने सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "हे पाणी विषारी असतं, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही."

एक शब्द. पोर आत होतं, आणि तो गेला तर त्याला मी मारलं असं होईल, या भीतीने तो शब्द तोंडून निघाला. मग काकूंकडे बघायची हिंमत झाली नाही. त्याच म्हणाल्या, "माझंच चुकलं रे बाबा. सांगायचं राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी निखिलने भूक लागली म्हणून सांगितलं. तो वाचला. मग खरं सांगायला काय हरकत होती? पण तोवर काकूंचीच चूक, हे सगळ्या बिल्डिंगभर झालं होतं. काकू गुडघेदुखीचे पाय ओढत चारही मजले चढल्या आणि दिलेली प्रत्येक काडी, प्रत्येक बाटली परत घेऊन आल्या. काही जणींनी दारातच तोंडसुख घेतलं, मी माझ्या दाराआडून ऐकत होते. सोसायटीने कण्हेर बुंध्यापासून तोडली. ती चिवट, पंधरा दिवसांत पुन्हा फुटली. मग काकू रोज सकाळी खाली बसून हाताला पिशवी बांधायच्या आणि तिचे कोंब खुडून टाकायच्या. वर्षभर. मी गॅलरीतून बघायचे आणि आत यायचे.

पुढे त्यांच्या मुलाने घोडबंदरच्या बाजूला घर घेतलं. भाजी घेताना क्वचित भेट व्हायची. काकू दिसल्या की मला वाटायचं, आज बोलणार, प्रकाशसमोर बोलणार. त्या फक्त विचारायच्या, "निखिल बरा आहे ना? धावताना दम वगैरे लागत नाही ना?" सात वर्षं हाच प्रश्न.

तेराव्याला गेले. मीनलने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी हातात धरून बसले असेन, कारण ती अगदी साधेपणाने म्हणाली, "घ्या ताई, बिनधास्त घ्या. पाणी आम्हीच भरतो. तुमच्या निखिलचं झालं तेव्हापासून आईंना आम्ही पिण्याच्या पाण्याला हात लावू दिला नाही." मग गॅलरीच्या खिडकीकडे बोट केलं. तिथं झाकणीचा एक छोटा तांब्या होता. "त्यांचा वेगळा ठेवला होता. त्यांनीच मागितला. नात पाणी मागायला गेली तरी स्वतः द्यायच्या नाहीत हो, मला हाक मारायच्या."

म्हणजे त्यांनी सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत नाही.

मी पाणी प्याले. चांगल्या होत्या हो, म्हटलं आणि उठले. तिथं बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं, पेपरात लिहितेय. मीनल, तुमच्या आईंनी मला दोनदा सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही, आणि मीच खोटं बोलले. तो तांब्या आता तरी आत घ्या.

हे प्रकाशला माहीत नाही. निखिलला तर नाहीच. तो आता नववीत आहे, आणि रविवारी शब्दकोड्यासाठी आमच्या घरी ही पुरवणी सगळ्यात आधी तोच उघडतो.