भावजींनी कॅम्पर उंच केला

चादरीचं एक टोक नळाला गाठ मारून बांधलं होतं, दुसरं माझ्या हातात. पीळ जेमतेम अर्धा बसला, तोच अंगणातून हाक आली, "वहिनी, चादर राहू द्या, बॅटरी धरायला या!" चादर तशीच लोंबकळत सोडून मी गेले.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. गल्ली त्यांना 'ठिणगी' म्हणते. काम वेल्डिंगचं, त्यामुळे जळक्या भोकांची नक्षी नाही असा एकही सदरा त्यांच्याकडे नाही. गल्लीतली निम्मी फाटकं त्यांच्या हातची, आणि एकही कुरकुरत नाही. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "लोखंड तापलं की वाकतं. बायको तापली तर मलाच वाकावं लागेल."

गेल्या वर्षी त्यांनी एक जुना कॅम्पर घेतला. गाडीमागे ओढून न्यायची दोन चाकांची खोलीच ती, आत पलंग, शेगडी, इवलीशी मोरी. घेतला तो आईसाठी. सासूबाईंची थोरली बहीण वर डोंगरात राहते. सासूबाईंना कमरेपायी वाटेत चार वेळा आडवं व्हावं लागतं आणि बहिणीकडे जिन्यावरची एकच खोली. तेव्हा पलंगच बरोबर न्यायचा, असा बेत. पण पहिल्या खेपेला शेवटच्या दगडाळ चढावर कॅम्परचं पोट घासलं, मोरीचा पाइप उखडला आणि गाडं अडलं. बहीण दारात उभी दिसत होती, हात हलवत होती, पण तो चढ पायी चढणं सासूबाईंच्या कमरेला झेपणारं नव्हतं. कॅम्पर सोडवता सोडवता दिवस मावळला आणि आम्ही परत फिरलो.

आता ती बहीण लेकीकडे निघाली आहे, कायमची, तीही या आठवड्यातच. म्हणून भावजींनी चार दिवस सगळी फाटकं बाजूला ठेवली.

कॅम्परचं ओझं असतं कमानपाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगसारख्या लवणाऱ्या पोलादी पट्ट्यांवर. हे पाटे आसाच्या, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, खाली लटकत होते. तेच आसाच्या वर बसवले की अख्खी खोली वीतभर उंच होते. "मग आसच उलटा करा की," मी शहाणपणा केला.

"वहिनी, आस सरळ दिसतो, पण मधे किंचित वर उचललेला असतो. उलटा केला तर चाकं फेंगडी चालतील आणि टायरांना टक्कल पडेल."

म्हणून आस होता तसाच ठेवला आणि त्याच्या डोक्यावर पाट्यांसाठी नव्या बैठका वेल्डिंगने जोडल्या. शेवटच्या बैठकीला मी बॅटरी धरली, तोंड फिरवून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत. "नाव घ्या हो, पण उजेड हलवू नका," खालून आवाज आला. "देवाला दिसतं, मला दिसत नाही!"

गाडीमागचा जोडही त्यांनी वर घेतला, नाहीतर खोली नाक खाली घालून चालली असती. मग मोरीच्या पाइपाला ओला चुना फासला आणि कोपऱ्यावरच्या खणलेल्या रस्त्यावरून कॅम्पर ओढून आणला. पाइप कुठे टेकला असता तर दगडावर पांढरा डाग पडला असता. आम्ही दोघं वाकून वाकून दगड तपासत होतो. एकावरही डाग नव्हता. भावजींनी भर रस्त्यात शीळ घातली.

सासूबाईंना हाक मारली. त्या ठेवणीतलं लुगडं नेसूनच आल्या. कॅम्परच्या दाराशी थांबल्या. दाराखालची पायरी त्यांच्या गुडघ्याच्याही वर गेली होती.

"धाकट्या," त्या म्हणाल्या, "घर उंच केलंस रे, आई तेवढीच राहिली!"

भावजींचा चेहरा पडला. सगळ्याचं माप घेतलं होतं, आईचंच राहिलं. "मी उचलून ठेवतो तुला," ते पुटपुटले.

"मी काय सिमेंटचं पोतं आहे? बहिणीच्या दारात मी माझ्या पायांनी उतरणार. नाहीतर इथेच बरी."

मला हसू आवरेना. सासूबाईही पदराआड हसत होत्या, पण शब्द मागे घेईनात. भावजी विटा घेऊन आले. एक ठेवली, वर फळी, वर आणखी एक फळी. "उचल पाय."

"अजून चालेल... अजून... बस्स! याच्या वर कंबर बोलते."

भावजींनी त्या उंचीची रेघ एका काठीवर खडूने ओढली, काठी दाराशी धरून पाहिली. एका पायरीने भागणार नव्हतं, दोन हव्यात, आणि प्रवासात दुमडून आत जातील अशा.

"आणि धरायला दांडी कर," सासूबाईंनी बजावलं. "देवाचा हात आहेच, पण चढताना लोखंड बरं."

उद्या पहाटे निघायचं आहे. भावजी सायकल काढून भंगारवाल्याकडे गेले आहेत, दोन पायऱ्यांसाठी जाड पत्रा आणि दांडीसाठी पाइप आणायला.