इन्स्पेक्टरचा इटालियन आवाज

इटलीत एखाद्या परदेशी नटाला एकदा आवाज दिला की तो नट त्या आवाजाचा होतो. हा कायदा नाही, रिवाज आहे, पण कायद्यापेक्षा कडक पाळतात. मला हे ज्यांनी सांगितलं ते स्वतः एका ब्रिटिश पोलीस मालिकेतल्या इन्स्पेक्टरचा इटालियन आवाज होते, एकोणीस वर्षं. "लग्नासारखंच आहे," ते म्हणायचे. "फक्त यात घटस्फोट मिळत नाही. दोघांपैकी एक मरावा लागतो."

मी लंडनमध्ये, कॅमडेनमधल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत बुकिंग बघते. तळघरात दोन बूथ, एक इंजिनियर आणि एक किटली, एवढाच पसारा. त्याआधी अंधेरीत बारा वर्षं डबिंगचंच काम केलं. कलाकारांना वेळा द्यायच्या, संहितेची पानं लावायची, रुसलेल्यांना जेवू घालायचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे लंडनजवळ ब्रॅकनेलला आलो तेव्हा मला जे येत होतं तेच मी इथे शोधलं.

ते बेडफर्डहून ट्रेनने यायचे. बायको इंग्लिश, म्हणून या देशात. वय सत्तरीच्या जवळ. तरुणपणी ते इटलीत टीव्हीवर सूत्रसंचालक होते. रविवारी दुपारी, अख्खा देश जेवायला बसलेला असताना, त्यांचा कार्यक्रम चालायचा. फोनमधला एक फोटो त्यांनी मला तीनदा दाखवला: फिकट सूट, भरपूर केस, मागे पिसं लावलेल्या मुली. मग चॅनेलने एका वर्षी त्यांच्या जागी दुसरा आणला. "दात होते नुसते," ते म्हणाले. तोवर जोडधंदा म्हणून केलेलं डबिंग मग पोटाचं काम झालं. ते इंग्लंडला राहायला आल्यावरही रोमच्या डबिंग कंपनीने त्यांना सोडलं नाही. ते आमच्या बूथमध्ये बोलायचे आणि दिग्दर्शिका रोममध्ये बसून ऐकायची.

"चेहरा म्हातारा होतो, सिन्योरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आवाज होत नाही."

आवाजही होतो. थुंकी सुकते, वाक्याचं शेपूट खाली पडतं. त्यांची वाक्यं शेवटी पडायला लागली होती हे इंजिनियरला ऐकू येत होतं आणि मलाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो नाही, एवढंच.

मालिकेचा शेवटचा सीझन आला. पहिल्या भागासाठी रोमहून ईमेल आली, ती मला, त्यांना नाही. या भागाचं रेकॉर्डिंग 'गाइड' म्हणून करावं. गाइड म्हणजे कच्चा आवाज. बाकीच्या कलाकारांना सूर मिळावा म्हणून तो भरतात आणि पक्का आवाज आला की पुसून टाकतात. पक्का आवाज कोणाचा ते अजून ठरलेलं नाही, असं खाली लिहिलं होतं. सोबतच्या वेळापत्रकात मात्र ठरलेलं होतं. इन्स्पेक्टरच्या नावापुढे एक नवीन नाव होतं.

मला समजायला वेळ लागला नाही. अंधेरीत हे शंभर वेळा पाहिलंय. जुन्या माणसाकडून गाइड घ्यायचा आणि नव्याच्या कानात हेडफोन घालून तोच सूर त्याच्याकडून काढून घ्यायचा. जुन्याला 'कळवतो' म्हणायचं.

घरी कांदा चिरताना नवऱ्याला सांगितलं.

"मग सांगून टाक त्यांना," तो म्हणाला.

"सांगितलं तर ते येणार नाहीत. क्लायंट जाईल."

"मग नको सांगूस."

"हे काय उत्तर झालं?"

"अगं, आमच्या ऑफिसात याला नॉलेज ट्रान्सफर म्हणतात. मी तीनदा दिलाय, माझ्याच जागी येणाऱ्याला. तिसऱ्या वेळी तर निरोपाचा केकसुद्धा मीच नेला होता." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला सल्ला नकोय. तुला कोणीतरी 'चालतंय' म्हणायला हवंय."

"म्हण मग."

"कांदा जरा बारीक चिर."

आमच्या बुकिंगच्या कागदावर एक रकाना असतो: गाइड की फायनल. कलाकार खाली सही करतो. मी तो रकाना कोरा ठेवला आणि त्यांना फोन करून फक्त तारीख सांगितली. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प राहिले, असं लिहिता आलं असतं. पण खरं कारण असं की मला तो दिवस सुरळीत पार पाडायचा होता.

त्यांनी कागद न वाचताच सही केली. आमच्याकडे यायला लागल्यापासून त्यांनी तो कधी वाचला नव्हता, कारण वाचण्यासारखं त्यात कधी काही नव्हतं. मग बूट काढून ते बूथमध्ये उभे राहिले. त्या भागात इन्स्पेक्टर आपल्या मुलीला सांगतो की त्याला आता नोकरी झेपत नाही. त्यांनी ते एका टेकमध्ये केलं. मला इटालियन कळत नाही, तरी मी हातातली फाइल खाली ठेवली. रोमहून दिग्दर्शिका म्हणाली, "अप्रतिम." तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त बोलणाऱ्याला.

काही आठवड्यांनी ते बोलावलेलं नसताना आले. बेडफर्डला ते ज्या इटालियन न्हाव्याकडे जातात, त्याने खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं अभिनंदन केलं होतं. म्हणे ट्रेलर पाहिला, आवाज काय लागलाय, दहा वर्षांनी तरुण झालात. त्यांनी न्हाव्याच्याच फोनवर तो ट्रेलर पाहिला, तोही गळ्याभोवती कापड गुंडाळलेलं असताना.

"माझं रेकॉर्डिंग लावा," ते म्हणाले. "आणि मग ट्रेलर."

इंजिनियरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आधी त्यांचं, मग ट्रेलरमधलं, मुलीशी बोलण्याचंच वाक्य. तोच सूर, तेच श्वास. फरक एवढाच की दुसऱ्यात वाक्याचं शेपूट पडत नव्हतं. मधे एका ठिकाणी दोघंही क्षणभर थांबले.

"पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. ते हसायला लागले, आणि ते हसणं मला आवडलं नाही.

"ही जागा ऐकलीत, सिन्योरा? इथे माझं पान संपलं होतं. मी पान उलटलं. म्हणून थांबलो." त्यांनी काचेपलीकडच्या स्टँडकडे बोट दाखवलं. "त्या मुलाच्या हातात पान नसणार, टॅब्लेट असेल. तरी तो थांबला. त्याला वाटलं, हा अभिनय आहे."

ते माझ्याकडे वळले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुम्हाला फोन केला त्याच्या आदल्या दिवसापासून."

त्यांनी मला काही बोलायला हवं होतं. माझी तयारी होती. तळघराच्या त्या जिन्यावर मी बरंच काही ऐकून घेतलेलं आहे. ते म्हणाले, "ती फाइल पुसून टाका."

"ती आपली नाही, क्लायंटची आहे. आणि त्यांच्याकडे कॉपी आहेच."

"बरोबर," ते म्हणाले, एखाद्या दुकानदाराने भाव सांगितल्यावर म्हणावं तसं, आणि कोट घालून निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात रोमहून दुसरी ईमेल आली. पहिल्या भागाचा परिणाम फार चांगला झाला आहे, उरलेल्या पाचही भागांचे गाइड त्याच कलाकाराकडून मिळावेत. या वेळी मी रकाना भरला. त्यांना फोन करून ईमेल शब्दन्‌शब्द वाचून दाखवली, गाइड हा शब्द दोनदा. नाही म्हणालात तर मी तसं कळवेन आणि कारण विचारू देणार नाही, हेही सांगितलं. रोमला पाठवायचं उत्तर मनात लिहूनसुद्धा झालं होतं.

त्यांनी विचारलं, "कुठल्या दिवशी?"

"तुम्हाला कळलं ना मी काय म्हणाले?"

"मुलगा चुकीच्या ठिकाणी थांबतो," ते म्हणाले. "त्याला कोणीतरी नीट दाखवायला हवं. इन्स्पेक्टर माझा आहे."

पाचही भागांना ते आले. पानं आधीच सुटी करून स्टँडवर शेजारी शेजारी लावायचे, म्हणजे उलटावी लागू नयेत. पूर्वी एका टेकमध्ये संपवणारा माणूस आता तीन-तीन टेक मागायचा आणि काचेतून विचारायचा, "इथे तो नीट ऐकू शकेल ना?"

त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. मला चार शब्द सुनावून, दार आपटून जायला हवं होतं. त्यातून माझी तरी सुटका झाली असती. त्याऐवजी दर वेळी निघताना ते मला पुढची तारीख विचारायचे, आणि मी डायरी उघडून ती सांगायचे.