चिनहटचे झाकलेले कप

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लखनऊजवळच्या चिनहटला एका चिनीमातीच्या कारखान्यात दुभाषी होते. कारखाना आपला म्हणायचा, दोन भट्ट्या आणि एक लांब शेड. बाबा रेल्वेत इंजिनियर, आम्ही मानक नगरला राहायचो, तिथून बस बदलत मी जायचे. हस्तकलांचं धोरण ठरवायला परदेशी तज्ज्ञ येणार होते आणि कारागिरांचं बोलणं त्यांना इंग्रजीत सांगायला कुणीतरी हवं होतं, म्हणून माझी वर्णी लागली.

कारखाना चालायचा तो चहाच्या कपांवर. जाडजूड पांढरे कप, काठाला निळी रेघ आणि दोन पानं. फैजाबाद रोडवरच्या ढाब्यांत, कचेऱ्यांच्या कँटीनमध्ये तेच. ती रेघ आणि पानं काढायची चाची, पन्नाशीची, नवरा गेलेली. मजुरी कपामागे मिळायची आणि तिचं घर तेवढ्यावर चालायचं. भिंतीवर लावायच्या मोठ्या वेलबुट्टीच्या ताटल्याही व्हायच्या, पण एखाददुसरी, कुणा मंत्र्याला भेट द्यायची असली की.

तज्ज्ञ येणार म्हटल्यावर मॅनेजरसाहेबांनी कप लपवायला सांगितले. हो, लपवायला. सगळे मागच्या गोदामात आणि वरून गोणपाट. मी म्हटलं, साहेब, ते कारखाना बघायला येताहेत आणि आपण नेमका तोच झाकतोय. साहेब पक्के लखनऊचे, आवाज न चढवता म्हणाले, "मेहमानों के आगे घर की दाल-रोटी थोड़े ही रखते हैं." चाचीला हे इतकं पटलं की गोणपाट तिनेच ओढून नीट केलं. घरी बाबा हसले, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतातच म्हणाले. मला काही हसू आलं नाही.

पाहुणे तीन देशांचे होते आणि माणसं भली होती, हे मान्य करायलाच हवं. त्यांच्या प्रमुख बाई उकाड्यात चाचीशेजारी जमिनीवर फतकल मारून बसायच्या. चाची रोज ताटली रंगवत होती, त्यांना वाटलं इथे रोज हेच चालतं. कपांचा विषय निघाला तेव्हा साहेब म्हणाले, ते आता नावापुरतेच. मी मध्ये तोंड घातलं की सगळ्यांची पोटं त्यांच्यावरच भरतात. साहेब गोड हसले आणि पाहुण्यांना म्हणाले, मुलगी महाराष्ट्रातली आहे, वाद घालायची आवड आहे. सगळे हसले. विषय संपला.

मग तज्ज्ञ आणि आमचे अधिकारी यांनी मिळून धोरण ठरवलं. कप बंद करावेत, फक्त ताटल्या कराव्यात, त्या विकायची हमी सरकारने घ्यावी, आणि एक शाळा काढावी. त्या शाळेत तू शिकवशील, असं बाईंनी चाचीचा हात हातात घेऊन सांगितलं. ते मीच तिला हिंदीत सांगितलं. तिचे डोळे भरून आले.

कप बंद करायला पैसे लागत नव्हते, म्हणून ते लगेच बंद झाले. हमीला आणि शाळेला लागत होते. धोरण हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं ते तेव्हापासून.

चाची लोकांकडे भांडी घासू लागली. मी भेटायला गेले की म्हणायची, मेमसाहबने सांगितलंय, वेळ लागतो अशा कामांना. तिची समजूत काढायची की तिच्यावर रागवायचं, मला कळत नसे.

काही वर्षांनी तेच पाहुणे आढावा घ्यायला आले. साहेबांनी चाचीला एका दिवसापुरतं बोलावून घेतलं. ती धुतलेली साडी नेसून आली आणि ताटली घेऊन बसली. बाईंनी तिला ओळखलं, मिठी मारली. चाचीने मला हळूच म्हटलं, "बिटिया, इनसे पूछो, काम पर कब से आऊँ?"

मी विचारलं. बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, आम्ही फक्त सल्ला देतो, निर्णय तुमच्या सरकारचा.

चाची माझ्या तोंडाकडे बघत होती. मला खोटं बोलवेना. म्हटलं, "चाची, आना नहीं है."

"अच्छा," ती म्हणाली. मग तिने ब्रश रंगात बुडवला आणि ताटलीवरची वेल पुरी करायला घेतली, कारण पाहुणे अजून बघत उभे होते.