बर्फाच्या टाकीतली टेप

आमच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग बाजारात कधी आलं नाही. मी येऊ दिलं नाही.

कॉलेजात आम्ही तिघं होतो: एक गाणारा, एक ड्रम वाजवणारा आणि मी, पेटीवाली. सायकेडेलिक रॉक म्हणजे डोकं गरगरवणारी, लांबच लांब गाणी, एवढंच आम्हाला परदेशी कॅसेटींवरून उमगलं होतं. ड्रमवाला उरणजवळच्या करंजाचा. त्याच्या काकांच्या बर्फ कारखान्यात एक टाकी रिकामी पडली होती. पेटी घेऊन आत उतरायला मी बिचकले, तर तो म्हणाला, "उतर गो, आमी हाय ना." आत सूर धरला की तो भिंतींवर आपटत फिरत राहायचा. बाबांच्या टेपरेकॉर्डरवर आम्ही चार गाणी टेप केली. चाली सगळ्या माझ्या.

पुढे मुंबईत कार्यक्रम मिळाला. पनवेलच्या एसटी स्टँडवर मी पेटी घेऊन उभी असताना गाणारा म्हणाला, "तू नको येऊस. पेटीवाली मुलगी म्हणजे भजनी मंडळ वाटतं."

वर्षभरात त्याची कॅसेट आली. चाली माझ्या, संगीतकार म्हणून नाव त्याचं.

काही वर्षांनी तो घरी आला. कंपनीला त्याचं अगदी सुरुवातीचं रेकॉर्डिंग काढायचं होतं, आणि ती टेप माझ्याकडे होती. आईने त्याला पोहे दिले. मी टेप लावली. टाकीतला त्याचा आवाज खोलीभर घुमला. तसा आवाज त्याला पुन्हा कधी लागला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने डोळे मिटले. मी टेप गाण्याच्या सुरुवातीला नेली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

"बंद का केलीस?"

"बंद नाही केली. टेप होतंय. बोल."

त्याच्या हातातली बशी कलंडली. "अगं, पुसलं जातंय ते! बंद कर. पाया पडतो तुझ्या!"

"जरा मोठ्याने बोल. माइक लहान आहे."

मी टेपरेकॉर्डर मांडीवर ओढून घेतला. गाण्याच्या लांबीइतका वेळ तो विनवत राहिला.

तो गेल्यावर आई म्हणाली, "इतका राग बरा नव्हे." मी उरलेले पोहे खाल्ले. बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली होती.

बाकीची तीन गाणी माझ्या कपाटात आहेत. ती न्यायला त्याने माणूस पाठवला, त्याला मी दारातूनच परतवून लावलं. आपलंच काम पुसलं याचं वाईट वाटत नाही का, असं ड्रमवाल्याने एकदा विचारलं. नाही वाटत. चाल मला अजून येते. त्या गाण्यातला त्याचा आवाज मात्र आता कुठेच नाही.