इटलीच्या नाण्यांवरचा मोरपंखी

अहेरीच्या बाजारात फारूकचाचाच्या लोहारशाळेला लागून माहं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान कशाचं, एक बांबूची ताटी अन् दोन टोपल्या. दिवसभर त्याच्या घणानं माह्या टोपलीतल्या बांगड्या किणकिण करत राहत. मी भांडत जाये, "चाचा, एक दिवस माहा सारा माल फोडशीन तू." तो म्हणे, "सुगंधाबाई, तुह्या जिभेनं लोखंड चिरते, तिनं काच नाई फुटत तर माह्या घणानं काय फुटते?" तो मरेपर्यंत भांडली मी त्याच्याशी. आता भांडाले कोणी नाई तर करमत नाई मले.

लोक लांबलांबून त्याच्याकडे येत ते अडकित्त्यासाठी. पोलादी अडकित्ता अन् त्याच्यावर मोरपंखी रंग. हा रंग काई डब्यातला नसे. कढईत नदीची रेती तापवाची, चिमट्यानं काठ धरून पोलाद तिच्यावर ठेवाचं. पोलाद आधी पिवळं पडते, मंग वांग्याच्या रंगाचं होते, मंग मोरपंखी. तेवढ्यातच उचलाचं. जरा उशीर झाला का गेला रंग, राखेसारखं दिसते. चिमट्याखाली रंग चढत नाई, तिथं तांदळाएवढी पांढरी जागा राहते. एवढं तर मले नुसतं बाजूले बसून बसून समजलं होतं.

जाफर चाचाचा एकुलता एक पोरगा. रंग चढवाले हात बापापेक्षाही साफ. खुर्शीदाशी त्याचं लग्न झालं अन् वर्षाच्या आत तो फौजेत गेला, मोटारी दुरुस्त कराले. इटलीतून दोन चिठ्ठ्या आल्या, त्याच्यानंतर काई नाई. लढाई संपली, इंग्रज गेला, नदीपल्याडचं निजामाचं राज गेलं, जाफर काई आला नाई. चाचा चांद्याच्या कचेरीत खेटे घालून थकला. तिथले बाबू म्हणत, कळवू. कळवलं का मेल्यांनी कधी? नाई कळवलं.

खुर्शीदा सासऱ्यापाशीच राह्यली. भाता तीच ओढे. तिचा भाऊ चांद्यावरून दर ईदेले ये अन् म्हणे, चल, दुसरा निकाह लावून देतो, अजून वय गेलं नाई तुहं. ती म्हणे, "मेल्याची खबर आण, मंग बोल." भाऊ चिडून परत जाये अन् ही माह्या ताटीत येऊन हिरव्या बांगड्या भरून घे. भाता ओढून हात राकट झालेले, बांगडी चढवता चढवता माहा घाम निघे. अशी भरल्या घरची पोर सरपणासारखी वाळून चालली होती अन् कोणी काई करू शकत नव्हतं. मले राग ये. जाफरवर का देवावर, तेही नाई समजे.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात इसरू नावाचा माणूस आला. मी तेव्हा माहा अडकित्ता धार लावाले घेऊन चाचापाशीच बसली होती. तो म्हणे, "चाचा, मी जाफरसंग फौजेत होतो. आता चांद्यापल्याड माजरीच्या कोळसा खाणीत कामाले हाये." मंग त्यानं रुमालाची गाठ सोडली. चार पोलादी नाणे. एका बाजूनं मिशीवाला राजा, दुसऱ्या बाजूनं गरुड. अन् चारी मोरपंखी.

"तिकडं त्याची मोटार पेटली," इसरू म्हणे. "त्याचं काई हाती लागलं नाई. हे तिथले नाणे त्याच्या खिशात होते. आगीनं असे निळे पडले. इतके वर्स इथं याची हिंमत नाई झाली."

खुर्शीदानं भात्याची दोरी सोडली. ती रडली नाई. तिनं नाणे उचलून पाह्यले अन् चाचाच्या तळहातावर ठेवले. "बाबा, तुमी पाहा. हा रंग आगीत आपोआप आला का? तुमी म्हणसान तेच मी मानीन." अन् पाणी आणाले घरात गेली.

आता सांगा, काय हालत झाली असंन म्हाताऱ्याची. रंग आगीचा, तर पोरगा मेला. नसंन, तर मंग तो केला कोणं?

चाचा नाणे घेऊन उन्हात गेला. एकेक नाणं फिरवून पाहे. मीही मागं जाऊन उभी राह्यली. खिशात नाणे एकमेकाले चिकटून राहतात. आग लागली तर दबलेल्या जागी रंग कमी येईन, कुठी काजळी बसंन, कुठी पापुद्रा निघंन. इथं तर चारी नाण्यांले काठापासून काठापर्यंत एकच रंग. अन् राजाच्या मानेखाली, काठाले, तांदळाएवढी पांढरी जागा. चारीले त्याच जागी. तीच चिमट्याची जागा.

चाचा परत आला, इसरूच्या समोर उकिडवा बसला. हळूच विचारलं, "हात चांगले हायेत ना त्याचे?"

"हो चाचा, आता तर खाणीतले सारे टिकाव तोच—" इसरू म्हणे, अन् थांबला. मंग तो चाचाच्या पायाशी वाकला. "त्याले तिकडं बायको हाये. दोन लेकरं हायेत. तोंड दाखवाची लाज वाटते म्हणे. मेलो म्हणून सांग म्हणे, म्हणजे ती तरी मोकळी होईन."

माजरी. सात समुद्रापल्याड नाई, आपल्या माजरीले. इथं ही पोर हाडं झिजवून राह्यली अन् तो तिथं लेकरं खेळवून राह्यला. मी चाचाचा हातोडा उचलला. इसरूचं नशीब चांगलं, चाचानं माहं मनगट धरलं.

"ठेव तो," चाचा म्हणे. "पाह्य ना सुगंधाबाई, जळालेले नाणे दाखवाचे होते तर भट्टीत फेकून द्याचे होते. काळे ठिक्कर पडले असते, मी फसलो असतो. पण त्या हरामखोराले खराब रंग देताच आला नाई." अन् ते नाणे त्यानं छातीशी धरले. पोराले शिव्या देऊन राह्यला का पोराचं काम पाहून खुश होऊन राह्यला, त्याचं त्यालेही समजत नसंन.

तेवढ्यात खुर्शीदा पाण्याचा लोटा घेऊन आली. चाचा तिच्याकडे पाहू शकला नाई. भट्टीकडे पाहून म्हणे, "आगीचाच हाये बेटी. अस्सल. जाफर गेला आपला."

लोखंडाच्या बाबतीत चाचा जलमात खोटं बोलला नव्हता. जित्ता हाये म्हटलं असतं तर ती मरेपर्यंत वाट पाहत बसली असती, अन् टाकून गेला म्हटलं असतं तर विहीर जवळच होती. म्हणून बापानं आपल्या हातानं पोराले मारलं.

खुर्शीदानं लोटा खाली ठेवला अन् सरळ माह्या ताटीत आली. तिच्या मागं मी आली. तिनं दोन्ही हात समोर केले. मी दगड उचलला. रोज बांगड्या भरते मी, हे काम मले कधी जमलं नाई.

"फोडू नको," ती हळूच म्हणे. "साबण लावून काढ."

"असं नसते बाई," मी म्हटलं, "फोडाच लागते."

"जित्त्या माणसाच्या बांगड्या फोडत नाई, सुगंधाबाई." तिचा आवाज इतका बारीक का मले वाकून ऐका लागलं. "इतके वर्स भाता ओढला मी. मले रंग समजत नाई का?"

मी दगड खाली ठेवला. साबण लावून एकेक बांगडी काढली. तिचे आसू माह्या हातावर पडत होते. पलीकडे घण बंद होता, भाता बंद होता. ताटीपल्याड म्हातारा कान लावून बसला होता, हे आमाले दोघींले समजत होतं.

"बाबा आवाजाची वाट पाहून राह्यले," ती म्हणे. "आवाज जाऊ दे."

मी टोपलीतल्या न खपलेल्या बांगड्या घेतल्या, फडक्यावर ठेवल्या अन् दगड हाणला. काच फुटली तसा पलीकडून चाचाचा हंबरडा आला. इतक्या वर्सांत पहिल्यांदा तो पोरासाठी मोठ्यानं रडला.

खुर्शीदानं मांडीवरच्या साबूत बांगड्या पदराच्या गाठीत बांधल्या. पदर तोंडात कोंबला. जरा वेळानं तोंडातून काढला अन् मले म्हणे, "दुसऱ्या हाताच्याही फोड."