चौकातला परका जवान
अन्याय झाला एका बहिणीवर, सात वर्षांपूर्वीच्या स्वातंत्र्यदिनी, सकाळी नऊ वाजता, कुंडलजवळच्या एका गावात. ऑइलपेंटचा वास आला की मला ती सकाळ आठवते. तिचा भाऊ नौदलात लढाऊ विमान चालवायचा. एकाहत्तरचं युद्ध थांबायच्या आदल्या दिवशी तो विमानासकट समुद्रात गेला, देह आलाच नाही, म्हणून एवढ्या वर्षांनी चौकात पुतळा. पडदा सरकला, तर आत हिरव्या लष्करी कपड्यांतला, बंदूक रोखलेला, झुपकेदार मिशीचा कुणी भलताच जवान. ओला रंग उन्हात चकाकत होता. हाराचं तबक माझ्या हातात होतं. ती म्हातारी बहीण सरपंचांना म्हणाली, "आवं, ह्यो कोण? माझा भाऊ आरमारातला, पांढऱ्या कपड्यांतला. मिशी कवाच न्हवती त्याला." सरपंच हसले. "मावशी, फौजी म्हंजे फौजी. मूर्तिकाराकडं ह्योच साचा तयार हुता. घाला हार, आमदार खोळंबल्यात." "मग ज्याचा भाऊ आसंल त्यो घालंल," म्हणून ती घरी निघून गेली. हार आमदारांनी घातला, फोटो काढले, वर जिलेबी हादडली. त्या निर्लज्जांत तबक धरून मीही उभा होतो, हे आज लिहितोय. पुतळा अजून तोच आहे. तुमच्या चौकात असा कुणी उभा असेल, तर आजच त्याच्या घरी जा आणि विचारा, हाच का तुमचा माणूस.